जुन्या लुगड्यावरचे बिबडे

"हिचे तिकडे टाक. त्या जुन्या लुगड्यावर."

अक्का हे मला म्हणाल्या नाहीत, सुनेला म्हणाल्या. मी तिथंच होते, हातभर अंतरावर, पाटावरच्या ओल्या फडक्यावर बिबडा थापत. ज्वारी भिजवून, आंबवून, तिखट-मीठ, तीळ, लसूण घालून शिजवलेला गरम घाटा. बोटं पाण्यात बुडवायची आणि तो दाबत दाबत गोल पसरवायचा. मग फडकं उचलायचं, उन्हात अंथरलेल्या कपड्यावर उलटं करायचं आणि बिबडा अलगद सोडवायचा. आमच्या खानदेशात उन्हाळ्याच्या तोंडाला घरोघरी हेच चालतं, वर्षभराच्या ज्वारीच्या पापडांचं काम. माझा पहिलाच बिबडा होता तो. फडकं हातात घेऊन मी उठले होते.

धुळ्याला देवपुरात मोठं घर, वर गच्ची. मधोमध पांढरंशुभ्र धोतर अंथरलेलं, चारी कोपऱ्यांवर विटा. त्यावर शेजारणींचे आणि सुनेचे बिबडे ओळीनं पडत होते. आणि पाण्याच्या टाकीमागं, जिथं फुटकी बादली आणि कुत्र्याची साखळी पडली होती, तिथं एक विटकं लुगडं. माझ्यासाठी.

सुनेनं बोटानं टाकीकडं दाखवलं. ही सून म्हणजे वैशाली, माझी कॉलेजची मैत्रीण.

मी गेले. टाकीमागं जाऊन फडकं उलटं केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला शूरवीर समजायला नको. मी गेले, कारण मला नोकरी हवी होती.

जळगावच्या एका पाईपच्या कारखान्यात मी लॅबला होते. बी.एस्सी. केमिस्ट्री. पाईपचा तुकडा कापायचा, पाण्यात ठेवून दाब द्यायचा, टिकतो का फुटतो बघायचं. काम आवडायचं मला. पण कायम कधीच झाले नाही, ठेकेदाराच्या हाताखालीच राहिले. दिवाळीनंतर ठेकेदार बदलला आणि नव्यानं आपली माणसं आणली. त्याची आपली माणसं. त्यात मी कुठून असणार?

घरात मी आणि आई. आईचे गुडघे गेलेले. घर माझ्या पगारावर चालायचं, म्हणजे आता चालत नव्हतं. जो भेटेल तो एकच सांगायचा, "ओळख काढ." भाजीवाली तेच सांगायची, रिक्षावाला तेच सांगायचा. जाहिराती बघू नको, अर्ज करू नको. ओळख काढ.

काढली. जमेल तिथून काढली. कॉलेजच्या सरांना फोन केला. "बायोडाटा टाकून ठेव व्हॉट्सॲपवर." टाकला. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि विषय संपला. जुन्या कारखान्यातले एक साहेब आता दुसरीकडं मोठ्या खुर्चीवर होते, त्यांच्याकडं गेले. ते दात कोरत म्हणाले, "तुम्हाला तर सरकारीत जागा असतात. प्रायव्हेटमध्ये कशाला गर्दी करता?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्याच लॅबमध्ये काम केलंय मी." ते म्हणाले, "काम सगळेच करतात हो."

तरी मी थांबले नाही. ज्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, त्यांना रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवायला लागले. शुभ सकाळ सर. वाढदिवसाला केक. मुलाच्या दहावीच्या निकालाला पेढे. सगळं मोबाईलमधलं. एकाची म्हैस व्याली तर तिलाही मी अंगठा दाखवला, छान म्हणून. रोज सकाळी हे सगळं पाठवून झालं की तोंड धुवावंसं वाटायचं. स्वतःचीच शिसारी यायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गुलाब, पुन्हा शुभ सकाळ.

आणि मग वैशालीचा फोन आला.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. माझ्या डब्यातली कळण्याची भाकरी ती हिसकावून खायची. लग्न होऊन देवपुरात गेली. तिचे सासरे म्हणजे आबा. नरडाण्याच्या एमआयडीसीत त्यांच्या गाड्या लागलेल्या. तिथल्या एका कारखान्याच्या मॅनेजरचं आबांशिवाय पान हलत नाही, असं ती सांगायची. त्या कारखान्यात लॅबची जागा निघाली होती.

"आबांनी शब्द टाकला की झालंच समज," वैशाली म्हणाली. "पण आबांना थेट नाही सांगता येत. आधी सासूबाईंच्या मनात भरायला हवं. रविवारी आमच्याकडे बिबडे आहेत. तू ये. थोडा हात लाव, बोलणं होईल."

आता माझी चूक सांगते.

आमच्या वस्तीत बिबड्यांना बोलावणं म्हणजे साधी गोष्ट नाही. आज माझ्याकडं, उद्या तुझ्याकडं. जिच्याशी बोलणं बंद असेल तिला कुणी बोलवत नाही. ज्या बाईला घाट्याच्या पातेल्याशी बसवलं, ती घरची झाली. थापून झालं की सगळ्या जणी एकाच परातीभोवती बसून गरम घाटा खातात, वर कच्चं तेल ओतून. वैशालीनं बिबड्यांना बोलावलं म्हटल्यावर मी तेच धरून चालले. मला वाटलं, नोकरीचं काय व्हायचं ते होवो, यांनी मला घरची मानलं.

आईला तर माझ्याहून जास्त वाटलं. "बिबडासले बलाई ऱ्हायनात म्हणजे तुले घरनी समजी ऱ्हायनात पोरी," ती म्हणाली. "रिकामा हातनी जाऊ नको." आणि तिनं आमच्या घरचं लोणचं बरणीत भरून दिलं.

खरं तर आईला माहीत असायला हवं होतं. मलाही. आई तरुणपणी गावात मोठ्या लोकांच्या बिबड्यांना जायची. ज्वारी कांडायला. कांडायची अंगणाच्या बाहेर बसून. काम झालं की तिच्या पदरात घाटा वरून पडायचा. हात हाताला लागू नये म्हणून वरून. मी तिच्या शेजारी बसून तो चाटूनपुसून खाल्लेला आहे. पण मला वाटलं, ते गाव, ते जुने दिवस. मी शिकलेली, मैत्रीण शिकलेली, आणि देवपुरात तर गल्लीगल्लीत शाळा-कॉलेजं आहेत.

पहिल्या एसटीनं धुळ्याला गेले. स्टँडवरून रिक्षा केली, पांझरेचा पूल ओलांडला. अक्कांनी दारातून हसून आत घेतलं. "ये बाई, वैशूची मैत्रीण ना तू." सोफ्यावर बसवलं. कपबशीत चहा दिला, बशीला सोनेरी काठ. लोणच्याची बरणी स्वतःच्या हातानं घेतली आणि म्हणाल्या, "वासावरूनच कळतंय, फक्कड झालंय."

मग विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं.

"गाव?"

सांगितलं.

"गावात कुठं?"

तेही सांगितलं. आडनाव विचारत होत्या, पण त्यांना जात हवी होती. मिळाली. अक्कांचा चेहरा बदलला नाही, हे मात्र मानलं पाहिजे. हसू तसंच राहिलं. फक्त लोणच्याची बरणी त्यांनी टीपॉयवरून उचलून खाली फरशीवर ठेवली. आणि आत जाऊन काहीतरी बोलून आल्या.

त्यानंतर वर गच्चीवर पाणी आलं तेव्हा सगळ्यांना स्टीलचे पेले आणि मला कागदी ग्लास. मी बघत राहिले तर अक्का म्हणाल्या, "कोरोनापासून सवयच लागली बाई आम्हाला. बाहेरून येणाऱ्याला कागदीच." शेजारची बाई पण बाहेरूनच आली होती. ती स्टीलच्या पेल्यानं घटाघटा पाणी पीत होती.

आणि मग ते जुनं लुगडं.

उन्हात बसून मी थापत राहिले. थापायचं, उठायचं, टाकीमागं जायचं, सोडवायचं, परत यायचं. बाकीच्या बायका बसल्या जागेवरून हात लांब करून टाकत होत्या, मला प्रत्येक वेळी अख्खी गच्ची ओलांडावी लागत होती. शेजारची बाई एकदा हळूच अक्कांना म्हणाली, "हिचा हात चांगला आहे हो. किती पातळ थापते." अक्का म्हणाल्या, "हो ना. धुण्याच्या बाईला देऊन टाकू ते, खूश होईल." दोघी माझ्यासमोरच बोलत होत्या. मी जणू पाटच.

मधे घाटा खायला बसल्या सगळ्या. वाट्या आल्या, तेल आलं. माझा घाटा वैशालीनं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर आणून दिला. माझ्याकडं बघितलं नाही तिनं. कागद तेलानं भिजला होता, अक्षरांची शाई घाट्याला लागली होती. लहानपणी ज्याच्यासाठी मी जीव टाकायचे तो घाटा. आज त्याचा आंबूस वासही नकोसा झाला. तरी मी एक घास घेतला. अक्का बघत होत्या ना. तेलकट कागदावरचा घास गिळून मी त्यांच्याकडं बघून हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. लुगड्यापेक्षा जास्त.

मग आबा वर आले. सुनेनं खुर्ची मांडली. आबांनी माझ्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. अक्कांनी मान हलवली. म्हणजे मी पास झाले होते.

आबांनी खिशातून मोबाईल काढला आणि नरडाण्याच्या मॅनेजरला फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकरवर. साऱ्या गच्चीला ऐकू जात होतं.

"हा भाऊ, लॅबसाठे एक पोर धाडी ऱ्हायनू."

"आपल्यातली का आबा?"

"नही, नही. आपलामधली नही. पन गुनी शे. वर तोंड करीसन बोलस नही. सकायपाईन आम्हना गच्चीवर राबी ऱ्हायनी, तोंडमाईन शब्द नही."

पलीकडून मॅनेजर हसला. "मग पाठवा की उद्याच. अशीच पाहिजे आपल्याला."

आबांनी फोन ठेवला. "झालं बेटा तुझं काम. उद्या जा."

वैशालीनं आनंदानं टाळी वाजवली. अक्का म्हणाल्या, "देव पावला बाई तुला. आता दर वर्षी येत जा हं बिबड्यांना. कुरडयांना पण. तुझा हात चांगला आहे."

नोकरी मिळाली होती. महिनोन् महिने ज्याच्यासाठी मी गुलाबाची फुलं पाठवली ती नोकरी. खाली उतरायचं, एसटी पकडायची, आईला सांगायचं. एवढंच उरलं होतं.

पण कानात आबांचं बोलणं अडकलं होतं. तोंडमाईन शब्द नही. माझी डिग्री त्यांनी सांगितली नाही. मी लॅबमध्ये काय केलं ते सांगितलं नाही, त्यांना माहीतही नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. मॅनेजरनंही विचारलं नाही. मी सकाळपासून गप्प बसले, ही माझी लायकी. कागदी ग्लासातून प्यायले, टाकीमागं गेले, कागदावरचं गिळलं, हा माझा अनुभव. माझी परीक्षा याच गच्चीवर झाली होती आणि मी पहिल्या नंबरानं पास झाले होते. आता ही नोकरी मी जोवर करीन तोवर मला असंच पास होत राहावं लागणार होतं. दर उन्हाळ्यात. बिबड्यांना आणि कुरडयांनासुद्धा.

राग नंतर आला. आधी घाण वाटली. नाल्यात पाय पडल्यावर वाटते तशी.

मी पाटापाशी बसले. पातेल्यातून घाट्याचा गोळा घेतला. बोटं पाण्यात बुडवली. सावकाश, काळजीपूर्वक थापला. पातळ, काठ न फाटलेला. सकाळपासून थापलेल्यांत सगळ्यात देखणा. फडकं उचललं, पण टाकीकडं गेले नाही. पांढऱ्या धोतराच्या मधोमध थोडी जागा होती, तिथं वाकले आणि फडकं उलटं केलं. बिबडा अलगद सुटला. त्यांच्या बिबड्यांत जाऊन बसला.

क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग अक्का किंचाळल्या.

"अगं बये! अख्खं धोतर बाटवलं हिनं!"

बाटवलं. हा खरा शब्द. सकाळपासून कोरोना होता, सवय होती, जुनं लुगडं होतं. सोनेरी काठाच्या बशीखाली हाच शब्द झाकून ठेवला होता. तो बाहेर पडला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

आबा खुर्चीतून उठले. "काय चाललंय हे?"

"आबा," मी म्हटलं, "त्या साहेबांना परत फोन लावा. सांगा, पोर वर तोंड करून बोलते."

हात तिथल्याच पाण्यात धुतले. फडक्याला पुसले. खाली आले. लोणच्याची बरणी अजून फरशीवरच होती, ती उचलली.

वैशाली जिन्यावरून मागं धावत आली. माझा दंड धरला. "अगं, काय केलंस तू? माझी काय इज्जत राहिली घरात? एवढं मिळालं होतं तुला. थोडं सोसलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तुला माहीत होतं ना, हे असं होणार?"

ती रडायला लागली. "माझंच चुकलं. तुला आधीच सांगायला हवं होतं, आडनाव दुसरं सांग म्हणून. मी सांभाळून घेतलं असतं."

मला वाटलं होतं ती माफी मागेल. तिला फक्त एवढंच चुकलं वाटत होतं की मी खोटं आडनाव सांगितलं नाही. माझ्या डब्यातली भाकरी खाताना हिनं कधी आडनाव विचारलं नव्हतं. मी तिचा हात दंडावरून काढला. तिच्याकडं बघवत नव्हतं. अक्कांचं काय, त्या तशाच होत्या, तशाच राहतील. ही सगळं समजून उमजून तशी होत चालली होती.

घरी आले तर आई दारातच. "नोकरीनं काय व्हयनं?"

सगळं सांगितलं. ती आधी चिडली. "आते काय खाशी? एक दिवस सोसी लेती तं काय बिघडतं?" अगदी वैशालीचेच शब्द. मी लोणच्याची बरणी आईपुढं ठेवली. तिनं झाकण उघडून बघितलं, लोणचं तसंच. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. बरणी तिनं मांडीवर घेतली.

मग म्हणाली, "मी जनमभर तेसना आंगनना बाहेर बठनू. माले कोनी सांगं नही, उठीसन जाता येस म्हणीसन."

एवढंच. मग उठून भाकरीला लागली. त्या दिवशी आम्ही त्याच लोणच्याशी भाकरी खाल्ली.

नंतर वैशालीचा एक मेसेज आला. रागानं लिहिलेला. त्या धोतरावरचे सगळे बिबडे अक्कांनी गाईला घातले. वर्षाचा घाटा वाया गेला, शेजारणींत नाचक्की झाली, सासूबाई आता माझ्याशी नीट बोलत नाहीत, हे सगळं तुझ्यामुळे. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या हातचं गाईला चाललं. गाय बाटली नाही. त्यांची माणसंच तेवढी बाटतात.

मी वैशालीचा नंबर पुसला. सरांचा, त्या दात कोरणाऱ्या साहेबांचा, म्हैसवाल्याचाही पुसला. सकाळची फुलं बंद केली.

नोकरी अजून मिळालेली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींच्या शेवटी कुणीतरी चांगला साहेब भेटतो अशी लोकांची अपेक्षा असते. मला नाही भेटला. सध्या जळगावात एका डाळमिलमध्ये पॅकिंगला जाते. दिवसभर डाळीची धूळ नाकातोंडात. मुकादमाला मी बी.एस्सी. झालेय हे माहीत आहे, तो त्यावरून चिडवतो. चिडवू दे. तिथं पाण्याचा माठ सगळ्यांना एकच आहे, एवढं मी पहिल्याच दिवशी बघून घेतलं.

सुटीच्या दिवशी पॅसेंजर पकडते आणि नरडाण्याला उतरते. एका एका कारखान्याच्या फाटकावर उभी राहते. आबांच्या त्या मॅनेजरच्या फाटकावरसुद्धा. वॉचमन विचारतो, "कोणाकडून आल्या?"

"कोणाकडून नाही."

"मग कशाला आल्या?"

"लॅबचं काम येतं मला. ते सांगायला."

तो हसतो. आतून निरोप येतो, जागा नाही. कधी निरोपच येत नाही. मी पुढच्या फाटकाला जाते. वॉचमन नाव विचारतो तेव्हा आडनावासकट सांगते. मोठ्यानं, त्याला दोनदा विचारायला लागू नये म्हणून.

कुणाच्या शब्दावर मी नोकरी घेणार नाही. माझ्या गप्प बसण्यावर तर नाहीच नाही. आणि कुठंही, कारखान्यात, कँटीनमध्ये, कुणाच्या घरात, माझ्यासाठी वेगळं लुगडं अंथरलेलं दिसलं, तर मी टाकीमागं जाणार नाही. त्यांच्या पांढऱ्या धोतराच्या मधोमध थापीन. मग त्यांनी ते सगळं खुशाल गाईला घालावं.